टेलला पाणी पोचतं का?

खालच्या दाढेचं रूट कॅनाल आटोपलं होतं. रबर डॅमचा पडदा काढला, काकांनी चूळ भरली, जबडा इकडेतिकडे हलवून बघितला आणि पहिलं वाक्य टाकलं, "मॅडम, निम्मा वेळ तर तुम्ही नुसतं पाणीच मारत होता."

"आमच्यात त्याला इरिगेशन म्हणतात," मी म्हटलं.

काकांचा ऊस कालव्यावरचा. हा शब्द त्यांना समजावून सांगायची गरजच नव्हती. लगेच विचारलं, "मग टेलला पोचलं का?"

कालव्याच्या तोंडाशी ज्याचं रान त्याची चैन, आणि शेपटाकडच्याने रात्ररात्र दारं धरून बसायचं. दाताच्या मुळात नेमकं हेच होतं. वरच्या भागात औषध मजेत खेळतं. टोकाकडचे शेवटचे तीन-चार मिलिमीटर बऱ्याचदा कोरडे राहतात, आणि जंतूंनी नेमकं तिथंच ठाण मांडलेलं असतं. तुम्हाला रूट कॅनाल सांगितलं असेल, एक दवाखाना 'लेझरने करू' म्हणत असेल, दुसरा 'अल्ट्रासोनिक', तिसरा काहीच म्हणत नसेल, तर तिघांनाही काकांचाच प्रश्न लावून बघा.

आधी धुवायचं काय, ते बघू. 'नस काढली' असं आपण सहज म्हणतो, त्यामुळे नेफ्यातून नाडी ओढावी तशी ती निघत असेल असं वाटतं. कधीकधी निघतेही. पण नस जिच्यात असते ती नळी म्हणजे सरळसोट पाइप नव्हे. झुरिचच्या वॉल्टर हेस यांनी उपटलेल्या दातांच्या पोकळीत रबर भरलं, भोवतीचा दात विरघळवून टाकला आणि आतले साचे हातात घेतले. त्यांचं हे काम १९१७ साली छापून आलं. त्या साच्यांकडे बघितलं की नळीपेक्षा रोपट्याची मुळं आठवतात: फाटे, जाळी, टोकाशी फुटलेल्या बारीक शाखा. खालच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळात तर दोन नळ्या असतात आणि त्यांच्यामध्ये बहुतेक वेळा एक अरुंद फट असते. तिथं नळी खरवडायची कुठलीही फाइल शिरत नाही. ओव्ह पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली सूक्ष्म सीटी स्कॅन करून दाखवलं, की फाइल कुठल्याही जातीची वापरा, नळीच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग तिचा स्पर्शही न होता राहतो.

म्हणजे फाइल फक्त वाट मोकळी करते. सफाई होते ती धुण्याने. आणि ही सगळी धुलाई ज्या जागेत करायची तिच्यात पाण्याचा एक पुरा थेंबही मावत नाही.

आता त्या 'पाण्या'बद्दल. सिरिंजमध्ये असतं ते सोडियम हायपोक्लोराइट. दवाखान्यात आम्ही त्याला हायपो म्हणतो. कपड्यांच्या ब्लीचचा हा सख्खा भाऊ. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमा सडू लागल्या, तेव्हा हेन्री डेकिन या रसायनशास्त्रज्ञाने आणि अलेक्सिस कॅरल या सर्जनने त्याचं अर्धा टक्का ताकदीचं द्रावण जखमा धुवायला आणलं. पुढे ते दातांत शिरलं आणि अजून हललेलं नाही. त्याला कारण आहे. जंतू मारणारी औषधं पुष्कळ आहेत, पण जंतूही मारेल आणि मेलेली नसही विरघळवेल, असं हे एकच.

माझ्याकडे शिकाऊ डॉक्टर आले की मी दोन काचेच्या वाट्या मांडते. एकीत हायपो, दुसरीत सलाइन. नुकत्याच काढलेल्या नसेचे दोन तुकडे दोन्हींत टाकायचे आणि गप्प बसून बघायचं. आधी काहीच होत नाही. मग हायपोच्या वाटीत तुकड्याच्या कडेने बारीक बुडबुडे सुटतात, तुकडा जागेवर वळवळल्यासारखा हलतो, कडा धूसर होतात आणि तांदळाएवढी वस्तू हळूहळू मोहरीएवढी होत जाते. सलाइनमधला तुकडा जसाच्या तसा पडून. यावर मला वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

त्यामुळे यंत्राची चौकशी करण्याआधी विचारायचं ते हे: "कशाने धुणार?" उत्तर 'फक्त सलाइन' असं आलं, तर बाकी दवाखाना कितीही चकाचक असो, मी माझ्या घरच्या माणसाला तिथं पाठवणार नाही. सलाइन सुरक्षित आहे, वास नाही, सांडलं तर डाग नाही. पण सफाईचं ओझं ते उचलू शकत नाही. स्वीडनच्या बिस्ट्रम आणि सुंडक्विस्ट यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सलाइन आणि अर्धा टक्का हायपो यांची माणसांच्या दातांत तुलना केली. सलाइनने जंतू कमी झाले, पण कितीतरी दातांत ते तग धरून राहिले. हायपोने साफ झालेल्या दातांची संख्या बरीच जास्त होती.

हायपोची ताकद किती असावी यावर आमच्यात अजून वाद आहेत. अर्ध्या टक्क्यापासून सव्वापाच-सहा टक्क्यांपर्यंत वापरणारे लोक भेटतील. जास्त ताकदीचं हायपो मांस लवकर विरघळवतं, आणि चुकून मुळाबाहेर गेलं तर इजाही जास्त करतं. रोहतकच्या सरकारी दंत संस्थेत एक टक्का आणि पाच टक्के यांची रुग्णांवर तुलना झाली. २०१९ साली तिचा निष्कर्ष आला, की वर्षभराने हाड भरून येण्यात दोन्ही गटांत सांख्यिकीदृष्ट्या ठोस फरक नाही. ऊन केलं की कमी ताकदीचं हायपोही जोरात काम करतं: ४५ अंश सेल्सिअसला एक टक्क्याचं हायपो नस विरघळवण्यात २० अंशांच्या सव्वापाच टक्क्यांइतकं भरतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर तीन टक्के, भरपूर, ताजं, आणि सारखं बदलत राहिलेलं. कारण नळीत गेल्यावर ते लगेच खर्ची पडतं. बाटली उन्हात ठेवली, झाकण सैल राहिलं, तर ते बाटलीतच मरतं. लेबलवर पाच टक्के लिहिलंय म्हणून आत पाचच असतील, याचा भरवसा नाही.

हायपोचं एक उणं आहे. फाइलने भिंत खरवडली की दाताची पिठी आणि नसेचे अवशेष मिळून एक लगदा तयार होतो आणि भिंतीला सारवल्यासारखा बसतो. हायपो त्यातला मांसाचा अंश खातं, पिठीला हात लावत नाही. त्यासाठी ईडीटीए लागतं. नॉर्वेचे नायगार्ड-ऑस्टबी यांनी ते १९५७ साली या कामाला आणलं. १७ टक्क्यांचं, शेवटी, मिनिटभर. दहा मिनिटं ठेवलं तर भिंतच झिजते. आणि ते हायपोत मिसळायचं नाही, कारण त्याच्या संगतीत हायपोतला क्लोरीन संपून जातो. आधी एक, मग दुसरं, पाळीपाळीने.

क्लोरहेक्सिडिन नावाचं तिसरं औषध काही डॉक्टर वापरतात. जंतूंवर चांगलं, विरघळवण्याच्या नावाने शून्य. हायपोनंतर मध्ये काही न धुता ते सोडलं की नळीत विटकरी गाळ जमतो आणि बारीक वाटा बुजतात. लंडनच्या संशोधकांनी शेकडो दातांचा पाठपुरावा करून २०११ साली जे मांडलं, त्यात हायपोच्या जोडीला क्लोरहेक्सिडिन वापरल्याने यश वाढलं नव्हतं, उलट घटलं होतं. मी ते बंद करून आता बरीच वर्षं झाली.

आता पद्धती.

सगळ्यांत जुनी म्हणजे साधी सिरिंज आणि सुई. हिला कमी लेखू नका. जगातली बहुतेक रूट कॅनाल हिच्यावरच होतात. मात्र सुई कुठली आणि कुठवर, यावर सगळं ठरतं. इंजेक्शनची टोकदार सुई इथं चालत नाही. टोक बंद आणि बाजूला खिडकी असलेली, ३० गेजची बारीक सुई लागते. तिची जाडी सुमारे ०.३१ मिलिमीटर. नळी टोकाला ०.२५ मिलिमीटर रुंद केली असेल आणि दर मिलिमीटरला ०.०६ ने रुंदावत असेल, तर ही सुई टोकापासून एक मिलिमीटरवर येऊन अडकते. अडकू द्यायची नसते, म्हणून अजून थोडी वर घ्यायची. आणि बाजूच्या खिडकीतून आलेलं औषध सुईच्या पुढे जेमतेम एक-दीड मिलिमीटर जातं. हा हिशेब मांडला की टेलचं दुखणं कळतं: नळी नीट रुंद नसेल, किंवा सुई जाडी असून अर्ध्यातच थांबत असेल, तर बाटलीभर हायपो ओतूनही शेवटचा भाग कोरडाच.

त्यात हवेची भर. नळी खालून बंद. हायपोची आणि मांसाची क्रिया होताना वायूचे बुडबुडे निघतात आणि टोकाशी अडकतात. मोटारीच्या पाइपात एअर धरली की पाणी पुढे सरकत नाही, तसंच. पुढच्या सगळ्या पद्धती ही एअर मोडायला आणि औषध हलवायला निघालेल्या आहेत.

यातली सर्वांत स्वस्त पद्धत कुठल्याही दवाखान्यात आजच करता येते. नळी शेवटी ज्या गट्टापर्चाच्या काडीने भरायची, तीच मापाची काडी औषध भरलेल्या नळीत घालून दोन-तीन मिलिमीटर वर-खाली करत राहायचं, मिनिटाला शंभर वेळा. हाताला कंटाळा येतो, पण एअर हमखास मोडते. दिसायला इतकं साधं, की कुठलीही कंपनी त्याची जाहिरात करत नाही.

सोनिक पद्धतीत प्लास्टिकची लवचिक काडी हँडपीसवर थरथरते. जुन्या उपकरणांत मिनिटाला दोन ते दहा हजार थरथरी, नव्यांत सेकंदाला पाच-सहा हजार. काडी प्लास्टिकची असल्याने भिंतीला लागली तरी खड्डा पाडत नाही. वाकड्या मुळांत मला ही जवळची वाटते.

अल्ट्रासोनिक म्हणजे सेकंदाला २५ ते ३० हजार कंपनं. धातूची बारीक तार नळीत टोकापासून एक-दोन मिलिमीटर वर धरायची, वीस सेकंद चालवायची, औषध बदलायचं, पुन्हा वीस, पुन्हा वीस. तारेभोवती औषधाचे भोवरे उठतात आणि फाइल न पोचणाऱ्या फटींत शिरतात. प्रयोगशाळेत कापलेल्या दातांत या फटी सुईच्या धुण्यापेक्षा स्पष्टपणे स्वच्छ दिसतात. अट एकच, तार मोकळी हवी. वाकड्या नळीत ती भिंतीला टेकली की जोर मरतो, भिंत खरवडली जाते, तार तुटूही शकते. आणि हो, दातांवरचं किटण काढायचं जे पिझो यंत्र बहुतेक दवाखान्यांत असतं, त्यालाच ही तार लागते. 'अल्ट्रासोनिक'साठी कुणी वेगळा भला मोठा आकडा सांगितला, तर हे लक्षात असू द्या.

निगेटिव्ह प्रेशरची तऱ्हा उलटी. वरून दाबायचं नाही. बारीक छिद्रांची नळी अगदी टोकापर्यंत न्यायची आणि तिथून ओढून घ्यायचं. औषध वर ओतलं जातं आणि ओढीने आपसूक खाली उतरतं. विहिरीचा उपसा म्हणा. औषध मुळाबाहेर जाण्याची भीती सर्वांत कमी यातच. पण त्यासाठी टोक ०.३५ मिलिमीटरपर्यंत रुंद करावं लागतं, आणि छिद्रं इतकी बारीक असतात की गाळाने तुंबतात.

लेझरवर जरा थांबते, कारण पाटीवर तोच शब्द सर्वांत मोठा असतो. लेझर हे एका यंत्राचं नाव नाही. अर्बियम याग लेझरची तरंगलांबी २९४० नॅनोमीटर. पाणी ती अधाशासारखी शोषून घेतं, क्षणात वाफेचा बुडबुडा फुगतो आणि फुटतो, त्या धक्क्याने नळीतलं औषध घुसळून निघतं. टोक नळीत खोल न्यावंही लागत नाही, दाताच्या तोंडाशी धरलं तरी पुरतं. डायोड लेझर वेगळा: पाणी त्याला फारसं शोषत नाही, त्यामुळे अशी घुसळण होत नाही, त्याचा भर उष्णतेने जंतू मारण्यावर. दोन्हींवर पाटी एकच. म्हणून 'लेझर आहे का?' असं विचारू नका. कुठला आहे, त्याने धुणं होतं की नुसतं शेकणं, आणि हायपो वापरणार ना, असं विचारा. लेझर आहे म्हणून हायपो नाही, असं कुणी म्हणालं तर दाताची कागदपत्रं मागून घ्या आणि दुसरं मत घ्या.

मग चांगलं कोणतं? इथं वाचकाची थोडी निराशा होणार. कापलेल्या दातांवरच्या प्रयोगांत हलवलेलं औषध न हलवलेल्यापेक्षा जवळजवळ नेहमी जिंकतं. माणसांच्या तोंडात मात्र अंतर घटतं. चीनमध्ये एकनळी दातांवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्यांना सिरिंजने धुतलं, अर्ध्यांना अल्ट्रासोनिकने. थ्रीडी स्कॅनमध्ये मुळाशी असलेली हाडाची पोकळी आटलेल्या किंवा नाहीशा झालेल्या दातांचं प्रमाण सिरिंजच्या गटात ८८ टक्के आणि अल्ट्रासोनिकच्या गटात ९५ टक्के निघालं, आणि हा फरक सांख्यिकीदृष्ट्या ठोस ठरला नाही. एकनळी सरळ दात, नीट रुंद केलेला, सावकाश धुतलेला: तिथं सिरिंज पुरते. दाढ असेल, मुळाशी पू झाला असेल, किंवा जुनं रूट कॅनाल फसल्यामुळे पुन्हा करायचं असेल, तर मी औषध हलवल्याशिवाय दात बंद करत नाही. कशाने हलवलं याला मी दुय्यम मानते.

पहिला मान वेळेला. फाइल आता मोटरवर चालतात, पाच मिनिटांत नळी आकाराला येते, आणि मग धुण्याला मिळतात तीन मिनिटं. हायपोने जे करायचं ते एवढ्यात होत नाही. दाढ असेल तर सगळ्या नळ्यांत मिळून हायपो अर्धा तास तरी खेळतं राहावं असा माझा हिशेब असतो. 'वीस मिनिटांत रूट कॅनाल' ही पाटी दिसली की मला धुण्याचीच काळजी वाटते.

दुसरा मान रबर डॅमला. सॅनफर्ड बार्नम या अमेरिकी दंतवैद्याने १८६४ साली शोधलेला हा रबराचा पडदा फक्त उपचाराचा दात बाहेर ठेवतो. लाळ आत जात नाही, हायपो घशात उतरत नाही, हातातून निसटलेली फाइल पोटात जात नाही. पडदा नसला की डॉक्टर हायपो जपून, थोडंथोडं वापरतो, आणि मग धुणं उरकतं. "रबर डॅम लावता ना?" हा प्रश्न विचारायला संकोचू नका. रबराची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. लॅटेक्स नसलेले पडदेही मिळतात. नाकाने श्वास घेताना अडचण होत असेल तर तेही आधीच सांगा.

हायपो हे औषध असलं तरी ब्लीच आहे, याची मला एकदा चांगलीच आठवण झाली. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात नुसती दाबून बसवायची सुई वापरत होते. दाबताना ती सटकली आणि हायपोची चिळकांडी पेशंट बाईंच्या गडद निळ्या साडीवर. शाळेतून थेट आलेल्या शिक्षिका. मी पाण्याने पुसत राहिले आणि डोळ्यांदेखत निळ्याचं आधी तांबूस, मग पांढरं झालं. त्यांनी समजून घेतलं. साडीची भरपाईही मी केली. पण चिळकांडी डोळ्यात गेली असती तर? त्या दिवसापासून फिरकीने घट्ट बसणारी सुई, पेशंटला चष्मा आणि गळ्याखाली प्लास्टिकचा एप्रन. तुम्हाला कुणी चष्मा दिला नाही तर मागा, आणि त्या दिवशी ठेवणीतले कपडे नकोत.

याहून मोठा अपघात क्वचित होतो, पण माहीत हवा. सुई नळीत घट्ट अडकली आणि वरून जोराने दाबलं, तर हायपो मुळाच्या टोकातून हाडात, ऊतींत जातं. सुन्न केलेलं असूनही अचानक आगीसारखी कळ येते, काही मिनिटांत गाल किंवा ओठ सुजतो, नळीतून रक्त येतं. अशी कळ आली तर हात वर करा, 'थोडं सहन करा' ऐकून घेऊ नका. डॉक्टरने तिथंच थांबून सलाइनने धुवायचं असतं, पहिल्या दिवशी बर्फाचा शेक, नंतर कोमट, वेदनाशामक, आणि गरजेप्रमाणे अँटिबायोटिक. गाल काळानिळा पडतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत बहुधा निवळतो. पण डोळ्याने दिसण्यात फरक पडला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये. आणि डॉक्टरने झालं ते लपवलं नाही, फोन उचलला, रोज बघितलं, तर त्याच्यावर रागावण्याआधी थोडा विचार करा. ही सुई चालवणाऱ्या कुणाच्याही हातून हे होऊ शकतं.

नेहमीचं दुखणं वेगळं. उपचारानंतर दोन-तीन दिवस चावताना दात ठणकतो, साध्या गोळीने आटोक्यात राहतो. दुखणं रोज वाढत असेल, सूज दिसू लागली, ताप आला, तर पुढच्या सीटिंगची वाट बघू नका. आणि सीटिंगांच्या मधल्या काळात घातलेलं तात्पुरतं सिमेंट निघालं तर त्याच दिवशी फोन करा. इतकं धुतलेल्या नळीत लाळ जायला एक रात्र पुरते. कायमचं सिमेंट आणि कॅपही लांबवू नका, त्याच कारणाने.

टेलला पाणी पोचलं की नाही, हे त्या दिवशीच्या एक्स-रेवर कळत नाही. तिथं फक्त भरलेली नळी पांढरी दिसते. मुळाशी काळा डाग असेल तर तो भरून यायला महिने लागतात. सहा महिन्यांनी एक, वर्षाने एक, असे दोन एक्स-रे काढायचे असतात, आणि दुखत नाही म्हणून बहुतेक लोक येतच नाहीत. काका आले, ऊस तुटून गेल्यावर. दुसऱ्या गावी बदली होणार असेल, मुलाकडे परदेशी जाणार असाल, तर आत्ताच्या एक्स-रेची प्रत मागून मोबाइलमध्ये ठेवा, तारखेसकट. वर्षाने तिकडच्या डॉक्टरला शेजारी ठेवून बघायला तेवढं लागतंच.